सूनबाईंचे पैसे दिले का?

आधीच सांगून टाकते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली माती, आणि बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं तेव्हा मी बहुतेक खिडकीतून बाहेर बघत होते. चौथीनंतर शाळाच सुटली, त्यामुळे चुका दाखवायलाही कोणी उरलं नाही. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. साडीच्या घडीत घालतात ते पुठ्ठे घरात पडून आहेत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. चुकून कोणाच्या हाती लागलंच, तर माफ करा आणि पुठ्ठा परत साडीत घालून ठेवा.

लिहायचंय ते मास्तरांबद्दल. शाळेचे मास्तर नव्हेत, लूमचे. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि खात्यातला लूम बिघडला की जो माणूस पाना घेऊन त्याच्या पोटात शिरतो तो मास्तर. हे मास्तर कडोदऱ्याच्या एका खात्यात तीस वर्षं होते. माझ्यासारखेच आणि आमच्या ह्यांच्यासारखेच खानदेशातले. सुरतेतल्या डिंडोलीत आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. मध्ये एक भिंत, आणि तीही विटेची कमी आणि पोपड्याची जास्त.

लूमच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यामुळे मास्तरांना ऐकू कमी यायचं. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे ते कुजबुजले तरी खालच्या किराणावाल्याला कळायचं. फोनचा आवाजही पूर्ण चढवलेला. आणि त्या फोनमध्येच त्यांच्या म्हातारपणाचं खूळ होतं.

काम सुटल्यावर महिनाभर ते गॅलरीत बसून हात चोळत होते. मग कोणीतरी त्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. आपण रोज काय करायचं ते त्यात लिहायचं, केलं की खूण करायची. एक दिवस केलं, दुसऱ्या दिवशी केलं, अशी साखळी वाढत जाते. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि पडद्यावरचं रोपटं मान टाकतं. वर एक बाई बोलते. गोड आवाजात, शुद्ध मराठीत. "शाब्बास! तुम्ही आज स्वतःला जिंकलंत!"

मास्तरांना तीस वर्षांत शेठने कधी शाब्बास म्हटलं नव्हतं. या बाईने पाणी प्यायल्याबद्दल म्हटलं. माणूस खलास झाला.

मास्तरांच्या बायकोला मी मावशी म्हणते. त्यांनी पहिल्या दिवसापासून त्या आवाजाला सवतीचा मान दिला.

"हाई सटवी घरमा कोनी आनी?" त्या अहिराणीत विचारायच्या. "मी दिधेल पानी याले गोड लागत नही, तिनी सांगं का घटाघट पेस!"

घटाघट पीत होते हे खरं. तासाला एक ग्लास असं ध्येय होतं. मावशींनी रागाने माठावर ताट झाकून वर वरवंटा ठेवला, तेव्हा मास्तर गॅलरीत दारोदार फिरू लागले. "सूनबाई, चौथा ग्लास!" असं ओरडत माझ्या दारात उभे. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो, घागरीवरून भांडणं होतात. पण ध्येयाला नाही कसं म्हणायचं? त्यात गॅलरीच्या टोकाला संडास एकच. मास्तर दर तासाला आत पाणी घेत होते, म्हणजे दर तासाला तिथेही नंबर लावत होते. "ध्येय यांचं आणि रांगेत आम्ही," असं आमचे हे म्हणायचे.

साखळी तुटण्याला ते खाडा म्हणत. कामावर गैरहजर राहिलं की खाडा पडतो, पगार कापला जातो, तसा. "माणसाने मरावं, पण खाडा पाडू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांनी आमच्या ह्यांनाही ॲप घालून दिलं. ह्यांनी 'तंबाखू सोडणे' असं लिहिलं आणि संध्याकाळी तंबाखू मळता मळता त्यावर खूण केली. मास्तरांनी पाहिलं आणि आठवडाभर आमच्या ह्यांच्याशी बोलले नाहीत. "शेठला फसव, बायकोला फसव," म्हणाले, "पण त्या बाईला फसवतोस? ती तुझ्यावर विश्वास ठेवते रे!"

आता त्यांचं स्वतःचं सांगते. चालण्याचं एक ध्येय होतं. फोन खिशात ठेवायचा, तो पावलं मोजतो. मास्तरांचे गुडघे लूमखाली बसून बसून गेलेले. गॅलरीत चार फेऱ्या मारल्या की भिंत धरून उभे राहायचे. एक दिवस ते बसने कडोदऱ्याला जुन्या खात्यात गेले. आमचे हे त्याच खात्यात कारीगर आहेत, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. मास्तरांनी कोपऱ्यातला त्यांचा जुना लूम गाठला. लूमची फणी पुढे-मागे आपटत असते, तिला रुमालाने फोन बांधला आणि बाजूला स्टूल घेऊन बसले. फणी आपटली की एक पाऊल. आपण चहा पिऊन येईपर्यंत फोन सुरतेहून बारडोलीला पोचला असेल.

शेठ आला. "मास्तर, शूं करो छो?"

"चालतोय."

"पण तमे तो बेठा छो!"

"मी तीस वर्षं ह्याच्यासाठी चाललो, शेठ. एक दिवस हा माझ्यासाठी चालला तर तुमचं काय बिघडलं?"

उत्तर शेठने नाही, लूमने दिलं. रुमालाची गाठ सुटली, फोन उडाला आणि समोरच्या भिंतीवर जाऊन त्याचे तीन तुकडे झाले. आमचे हे म्हणाले, तुकडा उचलला तेव्हाही आतून ती बाई "कमाल केलीत" म्हणत होती. ह्यांचं ऐकून निम्मं सोडून द्यावं लागतं, तरी एवढं मी ठेवलं आहे.

इथे माझा संबंध येतो.

मी घरी बसून साड्यांचे धागे कापते. लाजरी आहे, चार माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून बाहेर कामाला जात नाही. गठ्ठा घरी येतो, कापून परत जातो. त्यातून बाजूला टाकत टाकत मी सहा हजार जमवले होते. पिकोचं मशीन घ्यायचं होतं. साडीला पिको-फॉल करायचं काम घरात बसून होतं, गिऱ्हाईक दारात येतं, आणि धाग्यांपेक्षा पैसे बरे मिळतात. पलीकडच्या सोसायटीतल्या एका गुजराती बेनकडे जुनं मशीन होतं. ती लेकीकडे राहायला जाणार होती. सहा हजारांत देते म्हणाली होती.

फोन फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर दारात आले. चेहरा असा की घरात कोणी गेलंय. पहिल्यांदाच खरोखर हळू बोलले, म्हणजे फक्त आमच्या मजल्यालाच ऐकू गेलं असेल. नशीब, मावशी भाजीला गेल्या होत्या.

"सूनबाई, आज रात्री बारापर्यंत नवा फोन नाही आला तर खाडा. एवढ्या महिन्यांची साखळी. सहा-सात हजार कुठून... पगाराला देतो परत."

त्यांचा पगार बंद होऊन वर्ष झालं होतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पण सवयीने तोंडातून आलं, आणि सवयीने मीही मान हलवली. मला नाही म्हणता येत नाही. डब्यातून पैसे काढून दिले. "मावशीला सांगू नको," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी भिंतीपलीकडून बाई बोलली, "परत आल्याबद्दल अभिनंदन!" माझे सहा हजार बोलत होते ते.

मग वाट बघणं. मास्तर रोज समोर यायचे, पाणी प्यायचे, ध्येयाचं सांगायचे. मी पदराचं टोक पिळत उभी. ओठांपर्यंत यायचं, मास्तर, ते पैशांचं... आणि तोंडातून निघायचं, "आणखी देऊ पाणी?"

आमचे हे म्हणायचे, "मागून टाक ना. तोंड आहे ना देवाने दिलेलं?"

"तुम्ही मागा."

"दिले तू, मागू मी? आणि मास्तर माझ्याशी बोलतात कुठे? मी त्या बाईला फसवलंय."

मधल्या काळात मास्तरांनी घड्याळाशी भांडण काढलं. ॲपचा दिवस रात्री बारा वाजता संपतो. मास्तर कधीकधी खूण करायची विसरून झोपायचे आणि बाराला दोन मिनिटं असताना धडपडून उठायचे, रोपटं कसंबसं वाचायचं. "बारा वाजता कोणाचा दिवस संपतो?" ते गॅलरीभर विचारत फिरले. "बारा वाजता तर रात्रपाळीत चहा येतो! दिवस बदलतो पाळी बदलते तेव्हा. सकाळी सातला." खात्यात सातला पाळी बदलते, म्हणून जगाचाही दिवस सातला बदलला पाहिजे. ॲप ऐकेना. मग मास्तरांनी फोनचं घड्याळच सात तास मागे नेलं. सकाळचे सात म्हणजे फोनमध्ये रात्रीचे बारा. आता सकाळी सातपर्यंत खूण करायची मुभा.

त्यानंतर ती बाई भर दुपारी, आम्ही जरा पाठ टेकलेली असताना, "सुप्रभात! उठा, सूर्य तुमची वाट बघतोय!" असं ओरडू लागली. मावशी आतून म्हणायच्या, "सूर्य नही, तुन्हा बाप!"

आणि नेमक्या त्याच दिवसांत बेनचा निरोप आला. लेकीने लवकर बोलावलंय, मशीन घ्यायचं तर आज घे. "सांज सुधी राह जोईश, पछी बीजाने आपी दईश." संध्याकाळपर्यंत थांबेन, मग दुसऱ्याला देईन.

मी मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिले. तोंडातून एवढंच निघालं, "बेन मशीन विकतेय." बाकीचं माझ्या चेहऱ्यावर होतं बहुतेक. मास्तर लगेच उठले. खात्याकडून त्यांचा शेवटचा हिशोब नुकताच बँकेत जमा झाला होता. "चल. फोनवरून थेट बेनच्या बँकेत टाकतो. मावशीला कळायलाही नको." मला वाटलं, माणूस वाईट नाही. वाटेत मी मशीन कुठे ठेवायचं तेही ठरवलं. खिडकीखाली.

बेनच्या घरी मास्तरांनी ऐटीत फोन काढला. आकडा घातला. फोन म्हणाला, तुमची तारीख आणि वेळ चुकीची आहे, व्यवहार होणार नाही.

"माझी चुकीची?" मास्तर फोनवर ओरडले. "तुझी चुकीची!"

पुन्हा घातलं. पुन्हा तेच. बेन माझ्याकडे बघते, मी लादीकडे. शेवटी मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "मास्तर, घड्याळ पुढे करा ना."

मास्तरांचं बोट फोनवर गेलं. आणि थांबलं. ते फोनकडे असे बघत राहिले, जसं कोणी त्यांना पोटचं पोर खाली टाकायला सांगितलंय.

"सूनबाई, वेळ हलवली आणि साखळी तुटली तर? नवीन फोन घेऊन वाचवली होती." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मशीन काय, मशीन मिळेल दुसरं. उद्या बँकेतून काढून देतो."

दिवे लागले तेव्हा मशीन दुसऱ्या बाईच्या रिक्षात चढलं. आणि तो 'उद्या' काही आला नाही, कारण मावशींना हिशोबाचे पैसे जमा झाल्याचं कळलं. त्यांनी मास्तरांना ते सगळे गावच्या घराच्या पत्र्यांसाठी पाठवायला लावले. त्यांना माझं काही माहीतच नव्हतं, त्यांना बोल लावता येत नाही.

मला राग क्वचित येतो. आला की मला स्वतःलाच तो ओळखू येत नाही, वाटतं पित्त झालंय. त्या आठवड्यात मला खूप पित्त झालं.

मास्तर मात्र जसेच्या तसे. घड्याळाचा नाद त्यांनी दोन दिवसांनी सोडला, कारण रिचार्ज संपला, चुकीच्या वेळेमुळे फोनवरून नवा भरता येईना आणि बाई गप्प झाली. घड्याळ जागेवर आणलं, साखळीला काहीही झालं नाही. मला हे त्यांनी हसत सांगितलं.

त्यांना जवळचं नीट दिसायचं नाही आणि पडद्यावरची अक्षरं बारीक, म्हणून ॲपमध्ये काही लिहायचं असलं की फोन माझ्याकडे यायचा. "सूनबाई, जरा घाल गं, 'कमी रागावणे'." असा फोन एका संध्याकाळी माझ्या हातात दिला आणि ते टोकाला नंबर लावायला गेले. मी 'कमी रागावणे' घातलं. खाली अजून एक जागा रिकामी होती. माझ्या हातांनी, मला न विचारता, तिथे लिहिलं, 'सूनबाईंचे पैसे देणे, रोज वीस रुपये, तीनशे दिवस'. आठवणीची वेळ विचारली. साडेसहा दाबलं. संध्याकाळचे का सकाळचे, ते बघायचं राहिलं. फोन फळीवर ठेवला आणि घरी येऊन दार लावून बसले. जसा काही डाका घालून आलेय.

मला वाटलं होतं, मास्तर एकटे वाचतील. गुपचूप समजतील. एक गोष्ट मी विसरले होते. ती बाई सगळं मोठ्याने वाचते.

सकाळी साडेसहाला सगळी गॅलरी जागी असते. कोणी दात घासतंय, कोणी नंबर लावलाय, दिवसपाळीवाले डबे घेऊन निघतायत, नळाखाली बादल्या. तेवढ्यात मास्तरांच्या खोलीतून, पूर्ण आवाजात, अगदी गोड:

"सुप्रभात! सूनबाईंचे पैसे दिले का?"

बादलीचाही आवाज थांबला.

"अजून नाही? हरकत नाही! एक छोटं पाऊल उचला! सूनबाईंचे पैसे दिले का?"

जे माझ्या तोंडून इतक्या महिन्यांत निघालं नाही, ते त्या बाईने दोनदा म्हटलं. मी चुलीशी बसून पदर तोंडात कोंबला. धरणी फाटून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं, पण आमची खोली दुसऱ्या मजल्यावर.

"कोनता पैसा?" मावशींचा आवाज आला. "कोनी सूनबाई? काय करी ठेयेल शे तू?"

"मला काय माहीत? ती म्हणतेय!"

"तिले कसं मालूम?"

मास्तर विचारात पडले असावेत. वर्षभर ते सगळ्यांना सांगत होते की ही बाई माणसाचं मन ओळखते, हिला काही लपत नाही. आता नाही कसं म्हणणार? ते गॅलरीत आले आणि रांगेतल्या लोकांना म्हणाले, "पाहिलंत? तिला सगळं कळतं!" बोलण्यात चक्क अभिमान होता.

मावशींनी त्यांना जे ऐकवलं ते मी पुठ्ठ्यावर लिहिणार नाही, साडी नेसणारीला पाप लागेल. पण सातच्या आत मास्तर वीसची नोट घेऊन माझ्या दारात होते. माझ्या हातात दिली, माझ्यासमोर फोनवर खूण केली. पडद्यावर फुगे उडाले. "शाब्बास! तुम्ही आज स्वतःला जिंकलंत!"

"खाडा नाही पाडणार, सूनबाई," म्हणाले. डोळे ओले होते. माझ्यामुळे का फुग्यांमुळे, सांगता येत नाही.

त्यानंतर रोज. ताप असला तरी, मावशींशी भांडण असलं तरी. पाऊस जोरात होता त्या दिवशी डोक्यावर ताट धरून आले. ज्यांचं माझ्याशी कधी बोलणं नव्हतं ते रात्रपाळीवालेही जाताजाता विचारायचे, "वहिनी, आले का आजचे?" मी मान हलवायची. एकदाच गडबड झाली. मास्तरांनी दहाच दिले. "खाली वडापाव गरम होता गं," म्हणाले. "दहा उद्या घे, उद्या तीस देतो." आणि खूण करून मोकळे. दुसऱ्या दिवशी वीसच आले. मी काही बोलले नाही. बोलणार कशी?

पत्रे बसून घर नीट झालं तसे मास्तर आणि मावशी गावी गेले. जाताना मास्तरांनी फोन उंच धरून दाखवला, "ही आहे बरोबर!" मावशी म्हणाल्या, "हाईच जाई ऱ्हायनी, मी नुसती सामान." टेम्पो निघाला आणि मला वाटलं, संपलं. गावाहून वीस रुपये कोण पाठवतं?

दुसऱ्या दिवशी सातच्या आत माझा फोन वाजला. वीस रुपये जमा. तेव्हापासून रोज सकाळी, पहिला चहा व्हायच्या आत. भिंतीपलीकडे आता दुसरं बिऱ्हाड आहे, शांत माणसं. मला सकाळ झालेली कळत नाही.

साठवलेल्या विसाच्या नोटांत आमच्या ह्यांनी दिवाळीचा बोनस घातला आणि मशीन आलं. खिडकीखालीच ठेवलंय. हे लिहिते आहे तेही त्याच्याच फळीवर.

आज सकाळी वीस आले आणि लगेच मास्तरांचा फोन आला. फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"सूनबाई! आले का?"

"आले, मास्तर."

"हे शेवटचे! ती म्हणाली, ध्येय पूर्ण! फुगेच फुगे! तुझे पैसे पूर्ण झाले ना?"

मी पदराचं टोक पिळलं. आमचे हे सुट्टी म्हणून घरीच न्याहारी करत होते, ते घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. ओठांपर्यंत आलं. नेहमीसारखं तिथे थांबलं. मग निघालं.

"पूर्ण नाही, मास्तर. दहा कमी आहेत. वडापावचे."

फोनमध्ये मागून मावशींचा आवाज आला, "सांग तिले! सांग आते! कोना वडापाव?" आणि मास्तर हसायला लागले. असे हसले की ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"एवढे महिने लक्षात ठेवलंस गं? त्या बाईलाही कळलं नव्हतं!"

"द्या," मी म्हटलं. "सातच्या आत."

सातला थोडा वेळ बाकी असताना माझा फोन वाजला. दहा रुपये जमा. पैसे पूर्ण फिटले.